खिरापत आणि खुराफात

१२ ऑक्टोबर २००४, मंगळवार

प्राजक्ताला बहर! सकाळी मागचं दार उघडलं तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. अहिल्याला गदागदा हलवून उठवलं आणि परडी देऊन फुलं वेचायला बसवलं. सात वर्षांची नात माझी, पण एका जागी बसेल तर शपथ. "आजी, ये तो हरसिंगार है." म्हटलं, प्राजक्त म्हण. "प्रा... जक्त." दोनदा अडखळली, मग फुलं माझ्याच डोक्यावर ओतली.

परवा घट बसतात. यंदा भोंडला करायचाच, मी ठरवलंय. माझा लेक श्रीरंग गेल्यापासून चार वर्षं या घरात सण म्हणजे वरण-भाताबरोबर एक गोड, एवढंच. पोरीला आपलं काही कळायचं कधी? सुनेला विचारलं, हत्ती मांडून फेर धरतात म्हणून सांगितलं. अलकनंदा मूळची देहरादूनची, तिला भोंडला काय ठाऊक! "हाथी? अच्छा... कीजिए ना आई, बिल्कुल कीजिए." पर्स उचलली, गेली ऑफिसला. तिच्या सरकारी नोकरीवरच हा क्वार्टर आहे, तिला थांबून कसं चालेल.

१३ ऑक्टोबर

पाटावर तांदळाचा हत्ती काढला. अहिल्या म्हणते, डुक्कर आहे.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

झाला भोंडला! डुकराचा हत्ती झाला, सोंड लांबवली. ब्लॉकमधल्या सात-आठ मुली जमल्या. बंगाली, पंजाबी, एक केरळची. मी मधे घसा फोडून गाणी म्हणतेय आणि त्या भलतंच काहीतरी ओरडत पाटाभोवती फिरताहेत. साताऱ्याच्या माझ्या मैत्रिणींनी पाहिलं असतं तर हसून लोळल्या असत्या.

मग खिरापत. समजावलं — डबा झाकलेला असतो, मी खुळखुळवणार, तुम्ही ओळखायचं, मग खायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. दोन मिनिटांत अख्खी टोळी उड्या मारत ओरडायला लागली, "आज की खुराफात क्या है? खुराफात! खुराफात!" अगं, खिरापत! हिंदीत खुराफात म्हणजे चावटपणा, नसते उद्योग! कोण ऐकतंय. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कधी हसले होते अशी?

दडपे पोहे होते. "भेल? चिवडा? फिर से भेल?" कुणाला येईना. शेवटी मीच नाव सांगितलं. आमच्याकडे असे ओळखल्याशिवाय नसते मिळाले, म्हटलं.

"आजी, आमच्याकडे मतलब कहाँ?" अहिल्या.

"साताऱ्याला, बाई."

अलकनंदा नुकतीच आली होती, दारात सँडल काढत होती. माझ्याकडे बघितलं आणि तशीच आत गेली. दमली असेल.

१६ ऑक्टोबर, शनिवार

आज रंगकाम. प्राजक्ताचे केशरी देठ खुडून वाटीभर जमवले, पाण्यात उकळले आणि अहिल्याच्या शाळेचे पांढरे रुमाल बुडवले. काय सुरेख रंग आला! पिवळा म्हणावा तर केशरी. तारेवर रुमाल, खाली पोरगी, कोपरापर्यंत पिवळी. "आजी, मैं हल्दी हो गई!"

श्रीरंगनं असंच एकदा यांचा ऑफिसला जायचा शर्ट बुडवला होता. तेव्हा आम्ही दोन गल्ल्या सोडून राहायचो, यांच्या क्वार्टरमध्ये. हे ओरडायला गेले आणि शर्ट बघून म्हणाले, "कुमुद, हा रंग मला शोभतो का गं?" तसाच घालून गेले ऑफिसात! यांचं सगळंच तसं. ते घर सुटलं तेव्हा मी तिथल्या प्राजक्ताचं रोप डालडाच्या डब्यात घालून ठेवलं होतं. तेच हे झाड.

१७ ऑक्टोबर, रविवार

लिहू नये असं वाटतं, पण कुठे तरी बोलायला हवं.

दुपारी वाळलेले रुमाल आत आणत होते. अलकनंदा आईशी फोनवर. "ट्रान्सफर के लिए लिख दिया है मम्मी... हाँ, सोच-समझ के... रोइए मत ना... नहीं, आई को अभी नहीं बताया. ऑर्डर आ जाए, फिर."

रुमाल घड्या न करताच कपाटात टाकले.

देहरादून! माहेरी जायचं तिला. आणि का नाही जाणार? तरुण वयात नवरा गेला, इथे सोबतीला म्हातारी सासू. तिकडे आई, भाऊ, स्वतःची भाषा. आईला आनंदानं रडू आलं असणार. मला पुण्याला लताकडे पोचवतील. भाची आहे, चांगली आहे, खोली देईल, दोन वेळ जेवायला देईल. पण अहिल्या? वर्षातून एकदा सुट्टीत येईल आणि लाजून दाराआडून बघेल. मला नाही सहन होणार. नाहीच होणार.

१८ ऑक्टोबर

आमटीत मीठ दोनदा. दोघी पाणी पीत पीत जेवल्या.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

आज कहर झाला! मी कणीक मळत होते. बाहेर अहिल्या नानीशी फोनवर, अगदी गंभीर आवाजात — "नानी, आजी रोज नई खुराफात करती है. पहचानो तभी खाने को मिलता है. नहीं पहचाना तो नहीं मिलता."

कणकेच्या हातानं धावले तोवर कार्टीनं फोन ठेवला होता. माझा उलटा फोन करायचा धीर होईना. काय सांगणार? आधीच पोरीला घेऊन जायचं ठरलंय, त्यात हे!

२१ ऑक्टोबर, गुरुवार

विहीणबाई दारात!! चंद्रप्रभाजी स्वतः, देहरादूनच्या बसनं, न कळवता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लाडवांचा डबा. आल्या आल्या अहिल्याची हनुवटी धरून गाल बघितले. गाल कसले, पुऱ्या फुगलेल्या! तरी तीन लाडू भरवले.

मी भोंडला समजावला. डबा आणून खुळखुळवून दाखवला. त्या माझ्याकडे बघतात, डब्याकडे बघतात. अलकनंदा ओढणी तोंडात कोंबून हसत होती. शेवटी त्याही हसल्या, पण डोळे काही हसले नाहीत. माझ्यावर कसला तरी राग आहे बाईंचा. राग मी करायचा की त्यांनी?

२२ ऑक्टोबर, दसरा

शेवटचा भोंडला, म्हणून अळूवड्या. नळाच्या सांडपाण्यावर अळू छान माजलंय. पानं पोळपाटावर पालथी घालून शिरा लाटल्या, बेसन-चिंच-गूळ लावून अहिल्यानं वळकट्या केल्या. एक वळकटी उलगडली, ती सुतळीनं बांधून ठेवली.

संध्याकाळी डबा फिरवला. "पकोडा! कचोरी! केक!" एकीलाही येईना. विहीणबाई खुर्चीत बसून होत्या. डबा समोरून गेला, त्यांनी नाक पुढे केलं आणि ताडकन म्हणाल्या, "पतोड!"

गढवालात अळूच्या पानांचं अगदी हेच करतात म्हणे! मुलींत वाद — मराठी नाव नाही सांगितलं, चालणार नाही. अहिल्या न्यायाधीश. "नानीचं पण करेक्ट आहे!" मराठीत बोलली पोर, आपणहून! विहीणबाईंनी चार खाल्ल्या. मग साडीचा पदर खोचून पाटाभोवती फिरल्याही. वाईट बाई नाहीत हो.

भांडी आवरताना हळूच म्हणाल्या, "बच्चों को कौन अपने पास रख पाया है, बहनजी. चलिए, आप तो खुश रहेंगी." आणि डोळे पुसले. मला जखमेवर मीठ चोळल्यासारखं झालं. मी खुश? मी! कढई घासत राहिले.

२७ ऑक्टोबर, कोजागिरी

विहीणबाई परवा गेल्या. आज मागच्या अंगणात चटई टाकली, दूध आटवलं, बदाम-वेलची घातली. अहिल्या दुधात चंद्र शोधता शोधता माझ्या मांडीवर झोपली.

अलकनंदा म्हणाली, "आई, आपके यहाँ कोजागिरी कैसी होती थी? बताइए ना."

मी सुरू केलं, आमच्याकडे अशी, आमच्याकडे तशी. बोलता बोलता माझं मलाच ध्यानात आलं. सांगत होते ते साताऱ्याचं नव्हतंच! श्रीरंगनं दुधात पडलेला किडा काढून त्याला झाडावर सोडला, हे चादर पांघरून बासरी वाजवायचे, मागच्या सरदारीणबाई भांडंभर दूध मागून न्यायच्या. सगळं इथलं, याच गल्ल्यांतलं. साताऱ्याचं मला आता धड आठवतसुद्धा नाही. चाळीस वर्षं मी आमच्याकडे, आमच्याकडे करतेय ती नुसती सवय झालीय तोंडाला.

तिला हे सांगायला हवं होतं. पण मी पदर डोळ्यांना लावला. तिला वाटलं, गावच्या आठवणीनं. माझा हात हातात घेऊन बसली बराच वेळ.

ठरवलं — तिला अडवायचं नाही. रडायचं नाही, टोमणा मारायचा नाही. जा म्हणायचं.

३ नोव्हेंबर, बुधवार

बदलीचा हुकूम आला. पुण्याचा.

हो, पुण्याचा! देहरादूनचं तिच्या मनातही नव्हतं. विहीणबाई का रडत होत्या ते आज कळलं. लेक आणखी लांब चालली त्यांची, माझ्यापायी. अलकनंदा ऑफिसातून रिक्षा करून धावत आली, जिना नसताना जिना चढल्यासारखी धापा टाकत. "आई! आपको घर ले जा रही हूँ. इतने साल से आमच्याकडे, आमच्याकडे करती हैं आप... अब हम तीनों वहीं रहेंगे, सातारा के पास." मला मिठी मारली आणि रडायला लागली.

अहिल्या माझ्याजवळच राहणार. देवा, तुझे उपकार.

अगं वेडे, मी घरीच आहे — अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा इतका फुलला होता. "वा, किती छान!" म्हटलं आणि तिला प्यायला पाणी आणायला आत गेले.