दुपारची बेल

३ नोव्हेंबर, सोमवार

झाले एकदाची हेर! वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे कुरकुरे, कानाला यंत्र — आणि मी हेर! आनंद पोटात मावत नाहीये.

लेक वृद्धाश्रमांची तपासणी करते. मोठी अधिकारी. हा आश्रम तिने दोनदा तपासला. दोन्ही वेळा सगळं चकाचक! चादरी पांढऱ्याशुभ्र, मॅनेजर हात जोडून उभा. पण मध्यंतरी इथल्या एक बाई न्हाणीघरात पडल्या आणि दुपारभर तशाच ओल्या फरशीवर पडून राहिल्या. बेल दाबून दाबून थकल्या म्हणे. मॅनेजर म्हणतो, बेल चालूच होती, बाईंनाच दाबता आली नाही! लेक त्या दिवशी ताटावर नुसती बसून राहिली. "फाटकावरचा माणूस माझी गाडी ओळखतो गं आई. मी आत पोचेपर्यंत सगळं जागच्या जागी." म्हटलं, चालत जा. "माझा चेहरासुद्धा पाठ आहे त्यांना." म्हटलं, मग मला टाक की आत!

आधी ओरडली. मग फिसकन हसली. आज भाचा मला सोडून गेला. आठ दिवसांची पाहुणी. लेकीचं नाव कुठेही नाही.

४ नोव्हेंबर

नशीब तरी बघा! खोलीत जोडीला कोण, तर त्याच पडलेल्या बाई. गणिताच्या मास्तरीण होत्या. वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही, पण जरब तीच. मी पाय हलवत बसले तर म्हणतात, "पाय स्थिर!" मी घाबरून स्थिर. मग दोघीही हसलो.

समोरच्या खोलीत कर्नल. सगळा जन्म टपालखात्यात काढला, फक्त मिशा कर्नलच्या आहेत.

सकाळी बेल दाबून पाहिली. बुटकी आया धावत आली. "काय हवं आजी?" म्हटलं, काही नाही, सहज. चिडली नाही. चांगली आहे बिचारी.

५ नोव्हेंबर

सापडलं!!

जेवणं आटोपली, सगळीकडे सामसूम झाली. बेल दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही. मास्तरीणबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "दमू नका. दुपारी ती मुकी असते." काठी घेऊन निघाले. वाट चुकल्याचं सोंग करत थेट मॅनेजरच्या खोलीपर्यंत! (हे सोंग मला फार छान जमतं. कोणी संशयच घेत नाही, उलट हात धरून पोचवतात.) साहेब खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरताहेत, आणि डोक्यावर बेलांचं मुख्य बटण — बंद!

आयाने मला परत आणलं. कुजबुजली, "आवाजाने साहेबांची झोप मोडते. मी बोलले तर उद्या घरी बसवतील मला."

संतापले. पण खरं सांगते, पोटात गुदगुल्याही होत होत्या. लगेच लेकीला फोन. आमची खूण ठरलेली — सगळं ठीक असेल तर "औषध घेतलं", नाहीतर "औषध संपलं". मी उत्साहात म्हटलं, "औषध बंद केलंय त्यांनी!" ती इतकी घाबरली की तिला शांत करण्यातच वेळ गेला.

६ नोव्हेंबर

कर्नलना पत्ते लपवताना रंगेहाथ पकडलं. बाहीत एक्का! मास्तरीणबाई इतक्या हसल्या की चष्मा चहात पडला. इतकं मी कधी हसले होते?

७ नोव्हेंबर

आज लेक तपासणीला आली! सरकारी गाडी, हातात फाइल, कपाळाला आठ्या. मी खाटेवर, शहाण्यासारखी.

"आजी, जेवण कसं असतं इथलं?"

"बरं असतं. तुम्ही कोण, बाई?"

तिच्या ओठाचा कोपरा हलला. मी गालाचं मांस दातांखाली धरून ठेवलं. मॅनेजर कौतुकाने म्हणाला, "आजी नवीन आहेत, जरा विसरतात." विसरतात!

मग तिने बेल दाबली. भर दुपारी. आणि ती मेली खणखणीत वाजली! गाडी फाटकात दिसताच बटण चालू. गाडी गेली, माझी बेल पुन्हा मुकी. मी दाबून बघितलीच.

८ नोव्हेंबर

लेकीशी फोनवर वाजलं. म्हणते, "तू पाहुणी आणि वर माझी आई. तुझा शब्द मला पुरावा म्हणून धरता येत नाही. इथे राहणाऱ्या कोणीतरी लेखी तक्रार केली, तरच दुसरा अधिकारी न कळवता येऊ शकतो." मग मास्तरीणबाई करतील की! "तक्रार करणारा तिथेच राहत असला पाहिजे. निघून गेला की तक्रारही गेली."

मास्तरीणबाईंना विचारलं. त्यांचा चेहराच उतरला. "मुलगा परदेशी, घर विकलेलं. ह्यांनी काढलं तर मी जाऊ कुठे?" कर्नल मिशीला हात लावून खिडकीबाहेर बघत राहिले. कोणाला कसा दोष द्यायचा? आणि मी सोमवारी घरी जाणार, मऊ गादीवर झोपणार. लाज वाटली.

९ नोव्हेंबर

झोपेतून उठले तीच ठरवून. हलकंहलकं वाटतंय!

१० नोव्हेंबर

भाचा न्यायला आला, त्याला तसाच परत पाठवला. मॅनेजरला म्हटलं, मला इथेच राहायचंय. कायमचं. तो खूश! सहीला पेन त्यानेच दिलं. त्याच पेनाने, तिथेच बसून, दुसऱ्या कागदावर तक्रार लिहिली. तो चहा मागवत होता!

लेक फोनवर किंचाळली, "आई, वेड लागलंय का तुला?" म्हटलं, थोडंसं.

१३ नोव्हेंबर

आले! साधा सदरा घातलेले गृहस्थ, कोणाचे तरी भाऊ असावेत असे. भर दुपारी. एकेक खोलीत जाऊन बेल दाबली, एकही वाजली नाही. मग मॅनेजरच्या खोलीत शिरले. त्याची अशी भंबेरी उडाली! चप्पल उलटी घालून ततपप करत होता. तो आजपासून निलंबित, आणि मुख्य बटण आता कुलपात, कायम चालू. आया लपून रडली. संध्याकाळी मास्तरीणबाईंनी उगाचच बेल दाबली. पुन्हा दाबली. आम्ही टाळ्या पिटल्या. कर्नलनी तर सलाम ठोकला!

१६ नोव्हेंबर, रविवार

लेक भेटायला आली. आता सगळ्यांसमोर "आई" म्हणते. माझी उशी घेऊन आली होती. मी तिला बटण दाखवलं, कर्नल दाखवले, नुसती बडबड बडबड केली. ती हसत होती. निघताना दारात थांबली.

"घरी आले की अजून तुला हाक मारते गं," एवढंच म्हणाली.

चोपन्न वर्षांची पोर माझी. तिचा मी विचारच केला नव्हता.