बोडकेची रिंग

४ जानेवारी, रविवार
इतिहासात नोंद व्हावी अशी घटना. नेमबाजी क्लबच्या चहातलं आलं बंद झालं. ठराव नाही, सूचना नाही, दोन मिनिटांचा शोक नाही. एका सभासदाला पित्त होतं म्हणून बाकीच्या निरपराध्यांनी जानेवारीच्या थंडीत कोमट साखरपाणी प्यायचं.
तो सभासद म्हणजे बोडके (पुढे बो., शाई वाचते). सातपूरच्या कंपनीतला निवृत्त टर्नर, मूळ सायखेड्याचा. उजव्या हाताच्या एका बोटाची दोन पेरं लेथनं खाल्लेली. उरलेल्या हाताच्या मापाची लाकडी मूठ त्यानं आपल्या एअर पिस्तुलाला स्वतः कोरली. लांबी (लाकडाची पुट्टी) भरायची, घासायची, परत भरायची. दोन वर्षं. ती मूठ दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नाही आणि दुसरी कुठली त्याच्या.
नेम माझ्यापेक्षा चांगला. हे फक्त इथं लिहितोय.

७ जानेवारी, बुधवार
कुरिअर आलं. पिस्तुलाला हवेचा सिलिंडर बसतो तिथली रबरी रिंग, एक नग. पावसाळ्यात माझी फाटली तेव्हा बो.नं त्याच्याजवळची जादाची दिली होती. "नवी आली की दे मंग. लय घाई नाय." क्लबात एका मेकची पिस्तुलं आमची दोघांचीच. इतरांच्या रिंगा चालत नाहीत.
पेटीत फोमखाली ठेवली. रविवारी निवडीची मॅच झाली की देईन. घाई नाय.

१० जानेवारी, शनिवार
स्टेट स्पर्धेच्या जिल्हा संघात पन्नाशीपुढच्यांच्या जागा तीन. दोन ठरल्यासारख्या. तिसरी माझी किंवा बो.ची. तो तीन वर्षं चौथा येतोय. आज सरावानंतर म्हणाला, "यंदा नाय तर कधीच नाय, लेखक. मोतीबिंदू उतरलाय. डाव्यात हायेच, आता उजवाबी."
मी म्हटलं, "बरं झालं. दहाची वर्तुळं दोन दिसतील, कुठलंही मारा."
हसला. माझ्या विनोदांना हसणाऱ्यांची मला कीव येते. त्यांच्यावाचून चालतही नाही.

११ जानेवारी, रविवार
मॅच. बो. शेजारच्या लेनवर. गुणांत माझ्या पुढे.
चोविसाव्या शॉटला फुस्स. बघता बघता सिलिंडर रिकामा. रिंग चिरलेली. नियमाप्रमाणे दुरुस्तीला पंधरा मिनिटं. रिंग असली तर दोन पुरतात. बो.नं पेटी उलटी केली. असणार कुठून.
रेंज ऑफिसर बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला. मी कानातला बोळा काढला.
"सर, तुमचं सेम मेक ना? एखादी रिंग आहे का?"
मान हलवली. आडवी. बोळा परत घातला.
पुढचा शॉट दहा.
त्याला क्लबचं पिस्तूल दिलं. क्लबचं पिस्तूल म्हणजे धर्मशाळेतली उशी, सगळ्यांच्या डोक्याखालची आणि कुणाच्याच मानेला न मानवणारी. त्याची मूठ काढून त्यावर बसेना. दर शॉटला पकड बदलत होता, अनोळखी पाहुण्याशी हस्तांदोलन करावं तसा. पाच. सात. एक तर काळ्या वर्तुळाच्या पार बाहेर. हे मी का बघत होतो, माझं टार्गेट समोर असताना...
मी तिसरा. चार गुणांनी. बो. चौथा.
येऊन हात मिळवला. तोच हात. "झ्याक मारलं, लेखक."

१२ जानेवारी, सोमवार
हिला सांगितलं, निवड झाली.
"आणि बोडके भावजी?"
"त्यांची रिंग गेली."
"तुमच्याकडे आली होती ना परवा एक?"
"चहा कर."
पेपरला या आठवड्याचा लेख द्यायचा होता. विषय : ढोंग. अर्ध्या तासात झाला. सराव आहे.

१८ जानेवारी, रविवार
चहात आलं परत. बो.नंच सांगितलं म्हणे, "माझ्यापायी सगळ्यांचे हाल कशाला." तो आता चहा घेत नाही. मी दोन कप घेतले. आलं जास्त झालं होतं.
सरावाच्या वेळी बो. एक छोटी डबी घेऊन माझ्या टेबलाशी. आत रिंगा. एक काढून माझ्यापुढे ठेवली.
"धाच्या धा मागवल्या. माझी बसवायचीय अजून. ही ऱ्हाऊ दे तुला. स्टेटला जातोय ना? तुझ्याकडं नसती कधी."
माझ्याकडे बघून बोलला. नीट, बराच वेळ. की मोतीबिंदूमुळे तसं वाटलं? कळलं नाही. मी "थँक्यू" म्हटलं. पस्तीस वर्षं लिहून हाताशी आलेला शब्द.
मग तो मूठ घासायला बाहेर गेला. पॉलिश पेपरचा आवाज आत येत होता. त्याची पेटी उघडी, डबी वरच. त्यानं दिलेली रिंग डबीत परत टाकली. मग माझ्या पेटीतला फोम उचलला. खालची, त्याला द्यायची राहिलेली, तीही टाकली.
डबीच्या झाकणावर पेननं लिहिलेलं : १० आणल्या, १ लेखक.
आत नऊ हव्यात, आता अकरा. बो. टर्नर आहे. मोजल्याशिवाय झाकण लावत नाही.