सिनेमात गेलेली गाडी

दादा,

आणि वर तूच म्हणतोस, मी फोन करत नाही. करून काय ऐकू, माझी गाडी रोज पुसतोस ते?

रविवारी रूममेट परेशनं मला ओढून इथल्या हेन्डरसन भागातल्या थेटरात कानडी पिक्चरला नेलं. हिरो पोरीला मागं बसवून गावोगाव हिंडतो, आणि बुडाखाली माझी हिरवी बुलेट. मडगार्डवर मी रंगवलेलं ‘सुमतीआईची कृपा’सुद्धा कुणी पुसलं नव्हतं. शेवटी पोरगी नाही म्हणते आणि हा गाडी दरीत ढकलतो. लोक रडत होते. मी उभा राहून शिव्या दिल्या, तर परेश म्हणतो, "बस खाली, पिक्चर आहे."

विकलीस तर विकलीस, सांगायचंस तरी. इथं परदेशात, टाकानिनीत, लोकांच्या घरांवर पत्रे ठोकताना डोक्यात एकच असतं, आई बरी झाली की तिला मागं बसवून जोतिबाला न्यायची. काल ती अंथरुणावरूनच फोनवर म्हणाली, "तुझी गाडी शेडात आहे बाळा, थोरला बघतोय." तिलापण फसवलंस. मी नुसतं हं म्हणालो. तिच्यासमोर तूही तसंच म्हणत राहा.

तुझ्यावर चिडलेला,
दिगंबर

ता. क. गाडीच्या सर्व्हिसिंगचे दर महिन्यासारखे याही महिन्यात पाठवतोय, दोन हजार रुपये.