फिटचा शिक्का

रोहा
१४ ऑगस्ट २०२३

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवून देता, म्हणून पुन्हा कागदच घेतला. ते यंत्र कपाटाला ऐकू यावं म्हणून आणलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

आनंदाची बातमी आधी सांगते. ह्यांना कंपनीनं कायम केलं. सात वर्षं ठेकेदाराकडे गोणी उचलल्यावर आता गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची, छातीवर नावाचा बिल्ला लावून. मेडिकलच्या कागदावर डॉक्टरनं 'फिट' असा ठसठशीत शिक्का मारलाय. सासूबाईंनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं.

आता दुसरी बातमी. काल रविवारी सकाळी दाढी करता करता ह्यांना फिट आली. हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली. मी कुशीवर वळवून डोकं धरून बसले. तीन-चार मिनिटांत शुद्धीवर आले, पण काय झालं ते विचारलं तर कोरे. लग्नानंतरची ही तिसरी. मधली तीन वर्षं काही नव्हतं म्हणून मी निर्धास्त होते. गोळीनं झोप येते म्हणून शिफ्टच्या दिवशी गोळी घेतच नाहीत, हे मला काल कळलं.

आण्णा, कंपनीचा तो इंग्रजी फॉर्म तुम्ही तुमच्या हातानं भरलात. 'फिट येतात का' ह्या प्रश्नापुढे तुम्ही 'नाही' लिहिलंत. मी तेव्हाच विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात की आता येत नाहीत ना, मग झालं. आता आल्या आहेत. पुढं काय करायचं ते कळवा. मला घरात हे बोलताही येत नाही.

जेवण वेळेवर घ्या. दुरून का होईना, माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
प्रणिता


पेण
१९ ऑगस्ट २०२३

चि. प्रणिता हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. यंत्र कानात घालून वाचलं, म्हणजे तुझं रागावणं नीट ऐकू यावं.

आदेशराव कायम झाले हे वाचून डोळे भरले. शेजारी दोन पेढे दिले, एक मी खाल्ला. साखरेचं तू बोलू नयेस.

'फिट' ह्या इंग्रजी शब्दानं मला मास्तरकीची एकतीस वर्षं छळलंय. दरवर्षी नववीच्या फळ्यावर लिहायचो. अंगात बरोबर बसतो तो सदरा फिट. धडधाकट माणूस फिट. पिण्याजोगं पाणी फिट, राहण्याजोगं घर फिट. साहेब अर्जावर इंग्रजीत 'योग्य वाटेल तसे करा' असा शेरा मारतो, तिथंही हेच विशेषण. आणि आकडी येते ती फिट म्हणजे नाम. तिचा ह्या विशेषणाशी काही संबंध नाही, एकाच नावाची दोन गावांतली माणसं असावीत तसं. तरी मुलं गोंधळायची. गडब गावच्या एका पोरानं रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिला होता, की माझे वडील आज फिट आहेत म्हणून मी शाळेत येऊ शकत नाही. वर्ग हसला, मीही हसलो. त्या पोराला खरं तर घरी बापाचं डोकं धरून बसावं लागलं होतं.

फॉर्मचं म्हणशील, तर प्रश्न वर्तमानकाळात होता. ज्या दिवशी भरला त्या दिवशी तीन वर्षांत एकही फिट आली नव्हती. वर्तमानकाळातल्या प्रश्नाला वर्तमानकाळातलं उत्तर दिलं. व्याकरणात कुठं चूक नाही.

आता आपण होऊन कंपनीत सांगायला गेलो तर आदेशरावांची पाठ पुन्हा गोणीखाली जाईल. तसं नको. इथं पेणला एक डॉक्टर माझे विद्यार्थी आहेत, त्यांना शांतपणे दाखवू. गोळी रोज तुझ्यासमोर घेऊ देत. बाहेर बोलू नकोस.

जपून राहा. म्हाताऱ्याची आठवण काढत जा, त्यावरच माझं पोट भरतं.

तुझे
आण्णा


रोहा
१ डिसेंबर २०२३

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र शेजारच्या हर्षदच्या हाती पाठवतेय, तो पेणला कामाला येतो. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही.

सोमवारी गोदामात ह्यांना फोर्कलिफ्टवरच फिट आली. पाय ताठ होऊन अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला गेला. समोर सुशील ड्रम लावत होता, निडी गावचा, ह्यांच्याच वयाचा. तो गाडी आणि ड्रमच्या मधे सापडला. दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. त्याची बायको नूतन, आई ठमाबाई आणि पाच वर्षांची मुलगी मागं आहेत.

ह्यांना काहीच आठवत नाही. जमिनीवर पडलो होतो आणि लोक पळत होते, एवढंच सांगतात. फिट आली हे तिथं कोणाला समजलं नाही, धक्क्यानं चक्कर आली असं सगळे धरून चाललेत. सुपरवायझरनं लिहून दिलंय की सुशील उभा राहू नये तिथं उभा होता. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. काल ह्यांना पुन्हा कंपनीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं रक्तदाब बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि पुन्हा 'फिट' शिक्का मारला. सोमवारपासून परत त्याच गाडीवर बसायचंय.

मी म्हटलं, जाऊ नका. तर भिंतीकडे तोंड करून पडले.

आण्णा, तुम्ही ऑगस्टमध्ये व्याकरण सांगितलंत आणि मी गप्प बसले, कारण मलाही गप्पच बसायचं होतं. पेणच्या डॉक्टरांकडे जायचं आपलं दिवाळीनंतर, दिवाळीनंतर करत राहून गेलं. त्यात माझाही वाटा आहे, सगळं तुमच्यावर टाकत नाही. पण त्या गाडीपुढे सोमवारी कोणीतरी उभा असणार. त्यालाही घर असेल.

आज नमस्कारापुढे काही सुचत नाही.

प्रणिता


पेण
२ डिसेंबर २०२३

चि. प्रणिता,
आशीर्वाद लिहायला हात कचरतोय, तरी लिहितो.

हर्षद दारात थांबलाय, त्याच्याच हाती हे देतो.

मी दिलेलं उत्तर खोटं होतं. प्रश्न कशासाठी विचारलाय हे मला माहीत होतं. चौदा वर्षांच्या मुलांना मी सांगायचो की प्रश्नाचा हेतू ओळखा, मग उत्तर लिहा. हेतू ओळखूनच मी 'नाही' लिहिलं. जावई कायम व्हावा, माझी मुलगी सुखात असावी, ह्यापलीकडे मी बघितलं नाही.

सोमवारी त्यांना जाऊ देऊ नकोस. दार अडवून बस. उद्या सकाळच्या एसटीनं मी येतो. पोलिसांना द्यायचा जबाब लिहून ठेवलाय, मराठीत. फॉर्म मी भरला, आजार मला माहीत होता, सुशीलची चूक नव्हती, असं त्यात आहे. आदेशरावांना विचार, माझ्याबरोबर येणार का. नाही म्हणाले तरी मी जाणार, हेही सांग.

यंत्र कानात घालून येतो. काय बोलायचं ते सगळं बोल.

आण्णा


रोहा
२० मार्च २०२४

आण्णा,
प्रणिता वरती जी अक्षरं लिहिते ती मला जमत नाय, म्हणून सरळ नमस्कार.

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नव्हतं. त्या रविवारी पोलीस ठाण्यात तुमच्याबरोबर आलो, पण तुमच्याशी एक शब्द बोललो नाय. नंतर केस झाली, जामीन झाला, कंपनीनं 'अनफिट' लिहून काढून टाकलं, तरी बोललो नाय. प्रणिताला वाटतं मी तुमच्यावर रागावलोय. तसं नाय.

तुम्ही जबाबात सगळं स्वतःवर घेतलंत. फॉर्म भरताना 'नाही लिहा' असं मीच तुमचा हात धरून म्हणालो होतो, ते तुम्ही सांगितलं नाय. ते मी आता वकिलाला सांगून लिहून दिलंय.

अजून एक हाय. ते प्रणितालाही ठाऊक नव्हतं. फिट यायच्या आधी माझ्या तोंडात गंजल्या खिळ्यासारखी चव येते. दरवेळी येते. त्या सोमवारी चहानंतर आली. मला कळलं. उतरून बाजूला बसायला पायजे व्हतं. पण ट्रक लागलेला, सुपरवायझर घाई करत व्हता, आणि खिशात फिटच्या कागदाची झेरॉक्स व्हती. म्हटलं एवढी एक खेप टाकू. सुशील हातानं पुढं ये, पुढं ये अशी खूण करत व्हता. तिथपर्यंत आठवतं, मग नाय.

हे डोक्यात घेऊन घरात बसता येईना. गेल्या रविवारी रेल्वेगाडीनं निडीला गेलो. ठमाबाई ओटीवर वाल निवडत व्हती. नूतननं मला ओळखलं, पण हाकललं नाय. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खिळ्याच्या चवीसकट. ठमाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "माझ्या पोराला बेपर्वा म्हनले सगले. तो तसा नव्हता, ता तू तरी बोललास."

मी निघायला वळलो तेव्हा नूतननं विचारलं, "शेवटी काय बोलला तो? समोर तूच व्हतास."

आण्णा, खोटं तोंडाशी आलं व्हतं. 'तुझं नाव घेतलं', 'पोरीचं नाव घेतलं', काहीही सांगता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही. पण आपण एकदा 'नाही' लिहून बसलोय. मी म्हटलं, "त्याच्यापुढचं मला काय आठवत नाय, ताई."

ती म्हणाली, "मंग मी कोनाला विचारू?"

मी तिथंच उभा राहिलो, तिनं दार लावेपर्यंत.

तुमचा
आदेश