दोघांच्या सहलीत तिसरी मी

चि. सौ. शेवंता हिस लंडनजवळच्या पिनरहून थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

शेजारची नीना लिहून घेतेय. मी खुशाल आहे. तुझा खोकला गेला का?

लाज वाटतेय गं. नातू अंशुमन आणि त्याची तनू लग्नाच्या वाढदिवसाला दोन दिवस इटलीत, समुद्रकाठच्या जुन्या नेपल्स शहरात चाललेत. मला वाटलं, सगळेच चाललो. मी दशम्या करून पिशवी भरली! तनूचा चेहरा उतरला, तरी म्हणाली, "आजी, तुम्हीही चला ना."

मग माझी चूक कळली, नि मागे राहायला मी गुडघा दुखतोय असं खोटंच म्हणाले. आता पोरगी रोज तेल चोळते नि म्हणते, "तुम्हाला असं टाकून कसं जायचं? रद्दच करतो."

उद्या सांगणार आहे, "गुडघा धडधाकट आहे. तुम्ही दोघंच जा, मी नीनाकडे जेवेन." एवढं पहिल्याच दिवशी म्हणता आलं असतं की मला!

तुझी आगाऊ,
अक्का