एका ‘न’चं शुद्धिपत्र

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा खुर्चीत बसूनच घातला आहे. गोड मानून घे.) तुझी पाठ कशी आहे, आणि भावजींचा कमी ऐकू येण्याचा आजार अजून तू बोलायला लागलीस कीच उचल खातो का, ते कळव. इकडे सर्व ठीक.

पत्राला उशीर झाला, कारण छापखान्यात माझ्यावर बालंट आलं. (बालंट म्हणजे खोटा आरोप. आरोप खरा होता, तेव्हा शब्द चुकला, राहू दे.) झालं असं की, इस्पितळाचं कॅन्सरवरचं एक माहितीपत्रक आमच्याकडे छपाईला आलं. मजकूर तिथल्या डॉक्टरीणबाईंचा. चौतीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला त्यात एकच वाक्य खटकलं : ‘गाठ दुखत नसली तरी दाखवा.’ आता जे दुखत नाही ते दाखवायचं कशाला? न दुखणाऱ्या गोष्टी घेऊन लोक निघाले तर डॉक्टरांनी जेवायचं कधी? मी लाल शाईने ‘न’चा ‘अ’ केला, ‘तरी’चा ‘तर’ केला, आणि पाच हजार प्रती निघाल्या : ‘गाठ दुखत असली तर दाखवा.’ व्याकरणात काडीची चूक नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसल्या (त्याचा एक पाय आखूड आहे हे मी सांगायच्या आत) आणि मला समजावू लागल्या. म्हणाल्या, काका, शरीरही छापखानाच आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत सबंध शरीराच्या सूचनांचं पुस्तक असतं, आणि एका पेशीच्या दोन होताना त्या पुस्तकाची अक्षर न् अक्षर नक्कल होते. नक्कल म्हटली की चुका आल्या. त्या पकडायला तिथेही मुद्रितशोधक असतात. (मी विचारलं, त्यांना चष्मा लागतो का. बाईंनी माझ्याच चष्म्याकडे पाहिलं.) फारच चुका झालेली पेशी बहुधा आपण होऊन मरते. (आमच्याकडे ही पद्धत नाही.) पण ‘आता पुरे, थांबा’ असं जिथे लिहिलेलं असतं नेमक्या त्याच पानांवर चुका साचत गेल्या, तर पेशी थांबायचं विसरते, तिच्या नकलाही त्याच चुका घेऊन निघतात, गाठ होते आणि पुढे शेजारी हातपाय पसरते. प्रत्येक गाठ अशी नसते, पण ते तपासल्यावरच कळतं, आणि सुरुवातीला ती बहुतेक वेळा दुखत नाही.

चुका होतात कशाने, हेही त्यांनी सांगितलं. तंबाखू, दारू, कडक ऊन, काही विषाणू. क्वचित एखादं चुकलेलं पान आईबापांकडूनच येतं. वय वाढेल तशा नकला वाढतात, आणि पुष्कळदा काही कारण नसतानाही चूक होते, त्यात कुणाचा दोष नसतो. आमचा मशीनवाला माझी हजेरी कोणीतरी घेतंय म्हणून मजा बघत उभा होता. तंबाखूचं नाव निघालं तसा तो गाल चाचपत मशीनमागे गेला.

मालकांनी निकाल दिला की पाचही हजार प्रतींवर ते वाक्य खोडून वर खरं वाक्य मीच हाताने लिहायचं. तीन दिवस मी तेच केलं. दुसऱ्या दिवशी कधीतरी हाताने आपल्या मनाने लिहिलं, ‘गाठ दुखत नसली तर राहू दे.’ ती प्रत मी पकडली. अशा किती सुटल्या, सांगता येत नाही. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंच्या छापखान्याबद्दल मला आदर वाटू लागला आहे.

भावजींना नमस्कार, जरा मोठ्याने.

तुझा धाकटा
काना-मात्रा

ता. क. तुझं मागचं पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. चुका फक्त सात. प्रगती आहे.

ता. क. दुसरा. गुरुवारी सकाळी दहाला मला त्याच डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे. तू बुधवारच्या गाडीने ये. डाव्या कानाखाली, मानेला, चार महिन्यांपासून वाटाण्याएवढी गाठ आहे. दुखत नाही. ते वाक्य मला का खटकलं, हे शेवटच्या प्रतीवर लिहिताना माझं मलाच कळलं. घरात सांगितलं आहे, ही बरोबर येणारच आहे. पण लहानपणी मला दात काढायला तू नेलं होतंस.

ता. क. तिसरा. शुद्धिपत्र : पहिल्या परिच्छेदात ‘इकडे सर्व ठीक’ असं पडलं आहे. तिथे ‘मला भीती वाटते’ असं वाचावं.