विहिरीजवळचे पाच एकर

वाटूरच्या माझ्या घरच्यांनो, रस्ता रुंद झाला तेव्हा आपली दीड एकर जमीन गेली. आपल्याला कुणी विचारले नव्हते. चावडीवर कागद चिकटला, हरकत आली नाही म्हणून संमती धरली गेली. तो राग आपण सगळ्यांनी अठरा वर्षे जपला आहे. तो जागा ठेवून पुढचे वाचा.

मी, काकासाहेब रखमाजी आटोळे, वय चौसष्ट, राहणार वाटूर, तालुका परतूर, जिल्हा जालना. बुद्धी शाबूत आहे. कुणाच्या दाबाखाली लिहीत नाही. भीतीखाली लिहितो आहे, ते लपवत नाही. धाकटा मुलगा गजानन इंग्लंडात डॉक्टर आहे. त्याच्या खोलीत दुसऱ्याला जागा नाही, म्हणून मी हॉलिसबाईंच्या गेस्ट हाउसात उतरलो. गुरुवारी इथल्या जुन्या बाजारचौकाचा चढ चढताना छातीत कळ आली. सोमवारी मोठ्या शहरात नेऊन छाती उघडणार आहेत. त्यातून उठेन की नाही, डॉक्टर मुलगाही सांगत नाही.

एक. राहते घर थोरल्या मच्छिंद्रचे. त्यातली पूर्वेची खोली त्याच्या आईची, म्हणजे कांताबाईची. तिची पेटी तिच्या हयातीत तिथून हलवू नये.

दोन. माझी सहाशे बारा पुस्तके गावच्या शाळेला. ती कुलपात ठेवायची असतील तर त्यापेक्षा वाळवीला घाला.

तीन. सभांचा भोंगा आणि बॅटरी तातेरावाला. तो तीस वर्षे पारावर म्हणत आला, "काकासाहेब जगाला शिकवून राह्यले, घरी कोण ऐकतं?" त्याचे म्हणणे खरे होते. बोलण्याची तऱ्हा खवचट होती. ती मी माफ केलेली नाही.

चार. जमीन पंधरा एकर. इथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल.

पहिल्या सकाळी हॉलिसबाईंनी विचारले, अंडी, टोस्ट आणू का? मी नको म्हणालो. आपल्याकडे पाहुण्याचा पहिला नको ही रीत असते. यजमानाने ऐकायचे नसते, वाढायचे असते. बाई "बरं" म्हणाल्या आणि रिकामी ताटली घेऊन गेल्या. तीन दिवस मी चहा-बिस्किटांवर काढले. चौथ्या दिवशी गजाननला सांगितले, तर तो पोट धरून हसला.

"आबा, इथं एकदाच विचारतात. नको म्हणलं की झालं."

"मंग पाहुण्यानं लाज सोडून मागायचं का?"

"बिलकुल. मागायचं."

मला हसू आले नाही. १९८३ साली वडील वारल्यावर माझी बहीण द्वारकाबाई सासरहून, शहागडहून आली होती. चावडीत, चार माणसांत, मी विचारले, "द्वारके, हिस्सा पायजे का?" ती खाली बघून म्हणाली, "नको दादा. माझं माहेर राहू दे." मी एकदाच विचारले आणि हक्कसोडीच्या कागदावर अंगठ्यासाठी शाईचा डबा तिच्यापुढे सरकवला. त्याच आठवड्यात परतुरात स्त्रियांच्या हक्कावर मी दोन तास बोललो होतो. टाळ्याही घेतल्या.

म्हणून विहिरीजवळचे पाच एकर द्वारकाबाईला. रस्त्याकडचे पाच मच्छिंद्रला. उरलेले पाच गजाननला, तोही नको म्हणाला होता, पण तिसऱ्यांदा विचारल्यावर हळूच म्हणाला, "चिंचेकडचं द्या."

काल मच्छिंद्रला फोनवर हे सांगितले. तो म्हणाला, "आबा, आधी आत्याला विचारून घेतो ना. ती न्हाईच म्हणन." ती तसेच म्हणेल, हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही. तेव्हापासून मला छातीपेक्षा त्या वाक्याची धास्ती आहे. मी टेबलावर गेलो आणि इकडे तिच्यापुढे पुन्हा डबा सरकला तर?

पाच. दिवाळीची साडीचोळी द्वारकाबाईला दर वर्षी जाईल. जमीन घेतली म्हणून जो तिला माहेर बंद करील, त्याने माझ्या नावाचे पान वाढू नये.

मच्छिंद्र, माझ्या दहाव्याच्या आत हे पत्र तलाठ्याकडे दे. नोंद झाली की शहागडला तू स्वतः जा, आत्याला काही न विचारता सातबाऱ्याचा उतारा तिच्या हातात ठेव.

सही : काकासाहेब रखमाजी आटोळे

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार :
१. एडिथ हॉलिस, गेस्ट हाउसच्या मालकीण (मजकूर त्यांना समजावून सांगितला)
२. डॉ. मार्तंड देऊळगावकर, गजाननचे सहकारी, मूळ राहणार जालना

स्थळ : लडलो, इंग्लंड
दिनांक : १८ सप्टेंबर १९९९